हिवाळ्यापूर्वी आवार झाडून लख्ख करावे, की पालापाचोळा तसाच राहू द्यावा?

मृद्गंध (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. आमच्या घराभोवती मध्यम आकाराचे आवार आहे. मधोमध हिरवळ, कुंपणाच्या कडेने फुलझाडांचे वाफे, तीन वर्षांपूर्वी लावलेली दोन फळझाडे, दाराजवळ एक मोठे सदाहरित झुडूप आणि पायऱ्यांवर मातीच्या कुंड्या, असे त्याचे साधारण स्वरूप आहे. हिवाळ्यात येथे पारा शून्याच्या खाली उतरतो आणि काही आठवडे बर्फही साचून राहतो.

गेल्या वर्षी थंडी पडण्यापूर्वी मी सगळे आवार मनापासून आवरले. पाने झाडून पोती भरली आणि बाहेर देऊन टाकली, वाळलेले दांडे जमिनीलगत कापले, फळझाडांची छाटणी केली, झाडांना थंडी सोसण्याचे बळ यावे म्हणून भरपूर खत घातले आणि कडाक्याच्या रात्री झुडपावर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला. थंडी सरल्यावर पाहिले, तर झुडपाची निम्मी पाने तांबूस होऊन वाळली होती, एका फळझाडाच्या बुंध्याची साल उभी फाटली होती आणि तीन कुंड्या तडकल्या होत्या. एवढी मेहनत घेऊनही हे का झाले, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

यंदा पुन्हा पानगळ सुरू झाली आहे. म्हणून मुख्य प्रश्न असा, की आवार झाडून लख्ख करावे, की पालापाचोळा आणि वाळलेले दांडे तसेच राहू द्यावेत? बाकीच्या नुकसानीची कारणे कुणाला सांगता आली, तर मी ऋणी राहीन.

शिशिर

हिरवळीवरची पाने काढलीच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. काही वर्षांपूर्वी मी जाड थर तसाच राहू दिला होता. बर्फ वितळल्यावर गवतावर थाळीएवढे गोल चट्टे दिसले, काही राखाडी, काही गुलाबी झाक असलेले, आणि त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले होते. ही बुरशी बर्फाखालच्या कोंदट ओलाव्यात वाढते. वर पानांची गादी असली, गवत उंच वाढलेले असले किंवा उशिरा नत्रयुक्त खत पडलेले असले, तर तिला आणखी बळ मिळते. चट्टे दंताळ्याने हलकेच मोकळे केल्यावर वारा लागून बराचसा भाग सावरला, परंतु मधल्या जागी पुन्हा बी पेरावे लागले.

शेवटची कापणी ५ ते ६ सेंटीमीटर उंचीवर करावी. त्याहून उंच गवत बर्फाखाली आडवे पडून कुजते आणि अगदी बुटके कापले तर त्याचा जोम जातो. वाफ्यांतली पानेही मी काढतो. आवार स्वच्छ असले की रोगराई कमी राहते, असे माझे मत आहे.

रानवाट

हिरवळीपुरता शिशिर यांच्याशी सहमत आहे, वाफ्यांच्या बाबतीत मात्र पूर्णपणे असहमत. पान गळते तेव्हा झाडाने जमिनीतून उचललेले द्रव्य जमिनीला परत जात असते. ते पोत्यात भरून बाहेर देणे आणि नंतर खत विकत आणून घालणे, यात मला काही अर्थ दिसत नाही.

शिवाय त्या पाचोळ्यात कोण राहते, याचाही विचार करायला हवा. बंबलबी जातीच्या माश्यांच्या राण्या जमिनीत उथळ बिळे करून हिवाळा काढतात, मावा खाणारे लेडीबर्ड किडे पानांखाली एकत्र गोळा होऊन बसतात आणि एकट्याने राहणाऱ्या कितीतरी मधमाश्यांची पिल्ले पोकळ दांड्यांच्या आत असतात. आपण दांडे जमिनीलगत कापून बाहेर टाकतो, तेव्हा पुढच्या हंगामात फुलांवर येणारे हे पाहुणेच बाहेर टाकत असतो. बियांचे वाळलेले तुरे ठेवले, तर पक्ष्यांनाही खायला मिळते.

माझी पद्धत अशी आहे. हिरवळीवरची पाने वाफ्यांत ओढून घेतो. उरलेली तारेच्या जाळीच्या गोल कोंडाळ्यात भरून ओली करून ठेवतो. एक ते दोन वर्षांत त्यांचे काळेभोर, भुसभुशीत पालाखत होते. ते फारसे पोषक नसते, पण माती धरून ठेवण्यात आणि पाणी राखण्यात त्याला तोड नाही.

पानदेठ

दोन्ही मतांच्या मधला एक मार्ग सांगतो. हिरवळीवर थर पातळ असेल, तर पाने कोरडी असताना त्यांवरून गवत कापण्याचे यंत्र दोनदा फिरवावे. त्यांचा चुरा गवताच्या पात्यांमध्ये उतरतो आणि तेथेच कुजतो. चुरा केल्यावर गवताची पाती स्पष्ट दिसत राहिली पाहिजेत; ती झाकली गेली तर पाने जास्त आहेत असे समजून उरलेली उचलावीत.

चाफेकळी

रानवाट यांचे म्हणणे मला पटते, परंतु त्यात एक अपवाद करायलाच हवा. रोगट पाने वाफ्यात ठेवू नयेत. सफरचंदाच्या पानांवर येणारा स्कॅब हा बुरशीजन्य रोग गळलेल्या पानांतच हिवाळा काढतो आणि वसंतात तेथूनच नव्या पालवीवर उडतो. गुलाबाच्या पानांवरच्या काळ्या ठिपक्यांचेही तसेच आहे. अशा झाडांखालची पाने वेचून काढावीत आणि घरच्या लहान, थंड राहणाऱ्या खतढिगात घालू नयेत. मोठ्या ढिगाच्या गाभ्यात ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाणारी उष्णता तेथे निर्माण होत नाही. शिशिर यांचा रोगराईचा मुद्दा या मर्यादेत बरोबर आहे.

शिशिर

चाफेकळी, आभार. निरोगी पाने वाफ्यांत ठेवायला माझी हरकत नाही. पण ती झाडाच्या बुंध्याला चिकटवून ठेवू नयेत, एवढे जरूर जोडतो.

वाफसा

मृद्गंधताई, पानांचा प्रश्न चर्चेत बराच सुटला आहे. मी तुमच्या झुडपाविषयी लिहितो, कारण ते थंडीने वाळले असे तुम्हाला वाटत असले, तरी वर्णनावरून ते तहानेने वाळले असावे असे मला वाटते.

पानगळीची झाडे थंडीत पाने टाकून मोकळी होतात. सदाहरित झाडाची पाने अंगावरच असतात आणि ऊन पडले, वारा सुटला की त्यांतून पाण्याची वाफ होत राहते. त्याच वेळी जमीन गोठलेली असेल, तर मुळांना पाणी मिळत नाही. जमिनीत बर्फ आहे, पण झाडाला पिण्यासारखे पाणी नाही, अशी ती अवस्था असते. पाने टोकाकडून तांबूस होत जातात, वाऱ्याच्या आणि उन्हाच्या बाजूला अधिक, आणि बऱ्याचदा हा परिणाम थंडी सरताना एकदम डोळ्यांत भरतो. तुमच्या झुडपाची निम्मीच पाने गेली, हे लक्षणही याच्याशी जुळते.

उपाय थंडीच्या आधीचा आहे. जमीन गोठण्यापूर्वीच्या आठवड्यांत पाऊस कमी झाला असेल, तर अशा झाडांना खोलवर पाणी द्यावे. वरवर शिंपडून उपयोग नाही. पाणी वीतभर खाली उतरले पाहिजे. त्यावर ५ ते १० सेंटीमीटर जाडीचे आच्छादन द्यावे, पाचोळ्याचे, पेंढ्याचे किंवा लाकडाच्या भुग्याचे. आच्छादन म्हणजे जमिनीला गरम ठेवणारे पांघरूण, अशी एक समजूत आहे. त्याचे खरे काम जमिनीचे तापमान एकसारखे राखण्याचे आहे. दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे वारंवार होत राहिले, की माती फुगते, खचते आणि उथळ मुळांची रोपे अक्षरशः वर उचलली जाऊन उघडी पडतात.

काळीमाती

वाफसा यांच्या सल्ल्याने माझ्यासारख्या वाचकांचे नुकसान होईल, म्हणून लिहिते आहे. आमच्याकडे थंडी सौम्य असते, जमीन गोठत नाही आणि माती चिकण आहे. मी दोन वर्षे हिवाळ्यात भरपूर पाणी देत राहिले आणि दोन्ही वर्षे रोपांची मुळे सडली. खालची पाने पिवळी पडली की मला वाटे पाणी कमी पडते आहे, म्हणून मी आणखी घाली. हिवाळ्यात पाणी कमी करा, हाच सल्ला योग्य आहे.

वाफसा

काळीमाती, तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याने माझे म्हणणे अपुरे होते हे दाखवून दिले. थंडीत झाडाची वाढ मंदावते, बाष्पीभवन घटते आणि चिकण मातीत पाणी साचते. मुळांना हवा मिळाली नाही की ती गुदमरतात. तेव्हा किती दिवसांनी पाणी द्यावे, याचा आकडा कुणीच सांगू नये. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती बोटाला चिकटत असेल तर थांबावे आणि हाताशी कोरडी भुरभुरत असेल तर द्यावे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, तीच अवस्था जमीन गोठताना असावी, एवढेच मला म्हणायचे होते. पाणी सकाळी उशिरा, ऊन आल्यावर द्यावे.

पहाटवारा

फाटलेल्या सालीबद्दल एक विचारायचे आहे. चीर बुंध्याच्या कोणत्या बाजूला आहे? दुपारनंतर ज्या बाजूला ऊन येते, त्या बाजूला आहे का?

मृद्गंध (धागाकर्ती)

आत्ताच जाऊन पाहून आले. होय, नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या बाजूलाच आहे, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. आपल्याला हे कसे समजले?

पहाटवारा

कारण ही चीर थंडीपेक्षा उन्हाने पडते. हिवाळ्यातल्या निरभ्र दुपारी तिरपे ऊन थेट बुंध्यावर येते, पाने नसल्यामुळे सावली नसते आणि बर्फ असेल तर त्यावरूनही प्रकाश परततो. त्या एका बाजूची साल तापते आणि आतल्या पेशी जाग्या होतात. सूर्य मावळताच तापमान झपाट्याने शून्याखाली जाते आणि जाग्या झालेल्या त्या पेशी मरतात. पातळ, गुळगुळीत सालीच्या कोवळ्या झाडांना हा त्रास अधिक होतो. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात म्हणूनच हे व्रण बहुधा दक्षिण आणि नैर्ऋत्य बाजूंना दिसतात.

बुंध्याला पहिल्या फांदीपर्यंत पांढरे, सैल वेष्टण गुंडाळावे किंवा पांढरा लेप द्यावा. पांढरा रंग ऊन परतवतो. वसंतात वेष्टण आठवणीने काढावे, नाहीतर त्याखाली ओल आणि किडे साचतात. जुन्या चिरेवर डांबर, रंग, मलम असे काहीही लावू नये. मेलेली सुटी साल धारदार चाकूने अलगद काढावी. झाड कडेने स्वतःच नवी साल चढवत जाते.

नांगरट

छाटणी आणि खत यांविषयी कुणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. ताई, माझ्या मते तुमची खरी चूक तेथे झाली. थंडीच्या तोंडावर छाटणी केली की झाड नवे धुमारे फोडते, आणि नत्र मिळाले की ते धुमारे आणखी कोवळे, रसरशीत होतात. झाडाची वाढ थांबून लाकूड पक्के होण्याची वेळ असताना आपण त्याला वाढायला लावतो. पहिला कडाका त्या कोवळ्या शेंड्यांवरच येतो. दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडण्याच्या अंदाजे दीड-दोन महिने आधी नत्रयुक्त खत थांबवावे. पानगळीच्या फळझाडांची छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस, डोळे फुगण्यापूर्वी करावी. वसंतात फुलणाऱ्या झुडपांची छाटणी तेव्हाही करू नये, कारण त्यांच्या कळ्या आधीच्या वर्षीच तयार झालेल्या असतात. फुले होऊन गेल्यावर करावी. मोडलेली, मेलेली आणि रोगट फांदी मात्र कधीही काढावी.

मृद्गंध (धागाकर्ती)

नांगरट, आपले म्हणणे वाचून वाईट वाटले, पण ते पटले. शेंडे जळाले होते, हे मी मूळ लेखनात लिहायला विसरले. मी ते लगेच कापूनही टाकले होते.

नांगरट

तेही घाईचे झाले. जळालेले शेंडे कुरूप दिसतात, पण खालच्या डोळ्यांवर ते छत्रासारखे असतात. थंडी पूर्ण सरेपर्यंत ठेवावेत. नंतर नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडे दिसले तर हिरवे लागेपर्यंत खाली खाली तपासत जावे आणि तेथे कापावे. झुडपाच्या बाबतीत तर वसंत संपेपर्यंत धीर धरावा. पूर्ण वाळले असे समजून उपटायला निघालेले एक झुडूप माझ्याकडे आज डोक्याएवढे उंच आहे.

दवबिंदू

आता प्लास्टिकविषयी. दहिवर पडते कसे, हे समजले की झाकायचे कसे, हे आपोआप समजते. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन दिवसभराची उष्णता आकाशाकडे फेकत राहते. ढग असतील तर ते तिचा काही भाग परत पाठवतात, वारा असेल तर वरची उबदार हवा खाली मिसळते. दोन्ही नसतील, तर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होते. हवामानाचे तापमान जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात. तेथे २ किंवा ३ अंश असतानाही गवताच्या पात्यावर दहिवर जमू शकते. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून वाहत सखल भागात, भिंतीच्या किंवा दाट कुंपणाच्या आडोशाला साचते. स्वतःच्या आवारात जमिनीलगत एक थर्मामीटर ठेवून महिनाभर नोंद करावी. दहा पावलांच्या अंतरावरही फरक दिसतो.

झाकण्याचा हेतू जमिनीतून वर येणारी ही उष्णता अडवण्याचा असतो. म्हणून कापड, चादर किंवा गोणपाट तंबूसारखे थेट जमिनीपर्यंत आणावे आणि कडांना दगड ठेवावेत. खोडाशी आवळून बांधले, तर खालून येणारी ऊब बाहेरच राहते आणि आपण फक्त थंड हवा आत कोंडतो. प्लास्टिक पानांना टेकले, तर ज्या जागी टेकते तेथे पान जळते. प्लास्टिकच वापरायचे असेल, तर काठ्या रोवून ते पानांपासून दूर धरावे. सकाळी ऊन आले की काढावे, कारण आतली हवा तापते, झाडाची पाने बाष्प सोडू लागतात आणि रात्री पुन्हा तोच प्रकार होतो.

ओसरी

रात्री झाडांवर पाणी फवारले तर दहिवरापासून संरक्षण होते, असे मी वाचले आहे. ते घरी करता येईल का?

दवबिंदू

करू नये. मोठ्या बागांत ही पद्धत आहे आणि तिच्यामागचे तत्त्वही पक्के आहे. एक किलो पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते आणि कळीभोवती पाणी सतत गोठत राहिले, तर कळी शून्य अंशाच्या आसपास टिकते. पण फवारा अखंड चालायला हवा, सूर्य वर येऊन बर्फ सुटेपर्यंत. मध्येच थांबला तर ओल्या पानांवरून बाष्पीभवन होते आणि झाड न फवारलेल्या झाडापेक्षाही थंड पडते. शिवाय बर्फाच्या वजनाने फांद्या मोडतात. घरी करायचे असेल, तर आदल्या दिवशी दुपारी जमीन ओली करावी. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. काळीमाती यांनी सांगितलेली चिखलाची मर्यादा येथेही लागू आहे.

कुंभारवाट

कुंड्यांविषयी थोडे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. मातीची कुंडी सच्छिद्र असते, तिच्या भिंतीतही पाणी मुरलेले असते आणि तळाचे भोक पायरीवर दबून गोठले की आतल्या पाण्याला वाट उरत नाही. कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवाव्यात, खालच्या थाळ्या काढून घ्याव्यात आणि सगळ्या भिंतीलगत एकमेकींना चिकटवून गोणपाटात गुंडाळाव्यात. रिकाम्या कुंड्या उपड्या करून कोरड्या जागी ठेवाव्यात.

कुंडी फुटण्याहून मोठा धोका मुळांना असतो. झाडाच्या फांद्या जितकी थंडी सोसतात तितकी मुळे सोसत नाहीत. जमिनीत त्यांना मातीचा आधार असतो. कुंडीत थंडी सर्व बाजूंनी आत शिरते. जमिनीत सहज तगणारे झाड कुंडीत दगावते, ते यामुळेच.

नळजोड

धागा झाडांचा आहे, परंतु आवारातल्या नळाकडे दुर्लक्ष केले तर घरात पाणी शिरते, म्हणून हा प्रतिसाद. गेल्या हिवाळ्यात बाहेरच्या नळाला पाण्याची नळी तशीच जोडलेली राहिली. पाइप फुटला तो भिंतीच्या आत, आणि ते कळले बर्फ वितळल्यावर. पाइप नेमका जेथे बर्फ झाला तेथेच फुटतो असे नाही. बर्फ पुढे सरकत जातो आणि तो व बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब पाइपला फोडतो. म्हणून आधी नळी काढावी, ती उतारावर धरून रिकामी करावी, घराच्या आतली चावी बंद करावी आणि बाहेरचा नळ उघडून पाणी निथळू द्यावे. त्यानंतर तो उघडाच ठेवावा. ठिबकच्या नळ्यांची टोकेही उघडी ठेवावीत.

ओसरी

वाटेवर बर्फ घट्ट होतो तेव्हा मी मीठ टाकते. शेजारच्या गवताची कड दर वर्षी जळते. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

काळीमाती

थेट संबंध आहे. वितळलेले खारट पाणी कडेच्या मातीत उतरते, मुळांना पाणी ओढणे अवघड होते आणि सोडियममुळे मातीची रचनाही बिघडते. माती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. खूप थंडीत मिठाचा उपयोगही घटतो, साधारण उणे ९ अंशांखाली ते फारच मंद काम करते. बर्फ ताजा आणि हलका असतानाच फावड्याने बाजूला करावा, पायांनी तुडवला जाण्यापूर्वी. निसरड्या जागी जाड वाळू टाकावी. ती बर्फ वितळवत नाही, पण पाय घट्ट टेकतो. मीठ टाकलेला बर्फ वाफ्यांवर कधीही लोटू नये. स्वच्छ बर्फ मात्र वाफ्यांवर खुशाल टाकावा. त्यात अडकलेली हवा मुळांना ऊब देते.

पानदेठ

त्याच ओघात दोन गोष्टी. दहिवर पडलेल्या गवतावर चालू नये. पात्यांच्या आत बर्फाचे कण असतात, पावलाखाली पेशी चिरडतात आणि काही दिवसांनी पावलांचे ठसे तपकिरी होऊन उमटतात. दुसरे, झुडपावर ओला बर्फ साचला तर झाडूने खालून वर हलकेच उचलून पाडावा. फांदीला बर्फाचे कडक कवच चढले असेल तर हातही लावू नये, ते आपोआप वितळू द्यावे.

रानवाट

एक इशारा द्यायचा राहिला होता. बर्फाखाली उंदरांसारखे लहान प्राणी बुंध्याची साल कुरतडतात आणि आच्छादन बुंध्याला टेकले असेल, तर त्यांना लपायला आयतीच जागा मिळते. शिशिर यांनी सांगितल्याप्रमाणे बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि बारीक छिद्रांची तारेची जाळी जमिनीत चार-पाच सेंटीमीटर गाडून गोल उभी करावी.

मृद्गंध (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. यंदा असे ठरवले आहे: हिरवळीवरची पाने वाफ्यांत, फळझाडांखालची ठिपक्यांची पाने वेचून बाहेर, दांडे हातभर उंच तसेच, खत आणि छाटणी बंद, झुडपाला आणि फळझाडांना जमीन गोठण्यापूर्वी दोनदा खोल पाणी, बुंध्यांना पांढरे वेष्टण, जाळी, आणि प्लास्टिकऐवजी जुन्या चादरी. थंडी सरली की येथे येऊन नक्की लिहीन.

मृद्गंध (धागाकर्ती)

धागा चार महिन्यांनी वर काढते आहे. बर्फ गेल्या आठवड्यात वितळला.

सदाहरित झुडपाचे दोन शेंडे वगळता सर्व पाने हिरवी आहेत. बुंध्यावर नवी चीर नाही आणि जुन्या चिरेच्या दोन्ही कडांना नव्या सालीची वळी दिसते आहे. एकही कुंडी फुटली नाही. एक नुकसान मात्र झाले. मी जाळी वीतभरच उंच केली होती आणि बर्फ त्याच्या वर साचला. दुसऱ्या फळझाडाची साल जाळीच्या वरच्या भागात, बुंध्याच्या घेराच्या पाव हिश्शाइतकी कुरतडलेली आहे. झाड वाचेल का? आणि वाफ्यांतली पाने आता उचलू का?

पहाटवारा

वाचेल. साल पूर्ण गोलाकार कुरतडली गेली असती, तर पानांकडून मुळांकडे जाणारे अन्न तुटले असते आणि झाड मेले असते. पाव घेर गेला असेल, तर बाकीचा भाग काम सांभाळतो. जखमेला काही लावू नका, या उन्हाळ्यात त्या झाडाला पाण्याचा ताण पडू देऊ नका. पुढच्या वेळी जाळी साचणाऱ्या बर्फाच्या अंदाजापेक्षा अर्धा मीटर उंच ठेवा. आणि पांढरे वेष्टण काढले नसेल, तर आजच काढा.

रानवाट

पाने इतक्यात उचलू नका. दुपारचे तापमान सलग आठवडाभर १० अंशांच्या वर राहू लागले, की आतले किडे बाहेर पडतात. तोवर फक्त कंदांचे कोंब जेथे वर येताना दिसतील, तेथली पाने हाताने बाजूला सारा. दांडे कापाल तेव्हा तेही लगेच टाकू नका. जुडी बांधून कुंपणाला उभी करून ठेवा.

मृद्गंध (धागाकर्ती)

वेष्टण काढले. खाली साल कोरडी आणि गुळगुळीत आहे. पाने तशीच ठेवते.